साळवेने शिकवलेला रिपोर्ट

जबलपूरला पोस्टिंग आली तेव्हा युनिटात सगळ्यांनी माझ्या पाठीवर थापा मारल्या. पीस स्टेशन, आणि वर स्वतःचं गाव. माझे वडील अमरावतीकडून इथल्या कारखान्यात नोकरीला आले, मदन महल स्टेशनच्या मागे दोन खोल्या बांधून राहिले, आणि मी त्याच खोल्यांत वाढलो. बायको सुनंदा आणि मुलगी तिथेच होत्या. घरचे पोहे खाऊन ड्युटीवर जायचं आणि दिवस मावळता घरी परतायचं, असं सुख फौजीला कुठे मिळतं. तरी ऑर्डर वाचून झोप उडाली ती एकट्या माझी. सरहद्दीवर असताना घरची काळजी लांबून करता येते. आता ती समोर बसून करावी लागणार होती.

मी हवालदार वानखडे. स्क्वॉडमध्ये माझं नाव टेन्शन उस्ताद. तोंडावर नुसतं उस्ताद, पाठ फिरली की पूर्ण.

काम काय होतं ते सांगतो. शहराबाहेर फायरिंग रेंज आहे. युनिटं येतात, तोफांचा आणि मॉर्टरचा सराव करतात, निघून जातात. काही गोळे जमिनीत घुसतात पण फुटत नाहीत. त्यांना आम्ही ब्लाइंड म्हणतो. ते शोधायचे आणि जागेवरच उडवायचे, हे आमच्या स्क्वॉडचं काम. गोळ्याला हात लावायचा नाही. शेजारी स्फोटकांचा चार्ज ठेवायचा, वात पेटवायची आणि चालत खंदकात यायचं. पळायचं नाही, कारण पळणारा पडतो. वात जळण्याची वेळ संपली आणि धमाका झाला नाही, तर त्याला मिसफायर म्हणतात. मग अर्धा तास कोणी खंदकाबाहेर पाय काढायचा नाही. अर्धा तास झाला की बघायला जायचं ते एकानंच. ज्यानं चार्ज लावला त्यानं.

असल्या माणसाला ही ड्युटी कोणी दिली, असं तुम्ही विचाराल. फौजेत असं कोणी विचारत नाही.

फौजेत रोज रिपोर्ट मात्र द्यावा लागतो. सुभेदार साहेब समोर आले की सावधान व्हायचं आणि म्हणायचं, "सब ठीक है, साब." राशन संपलेलं असो, पाय मुरगळलेला असो, घरून वाईट फोन आलेला असो, उत्तर हेच. याला कोणी खोटं बोलणं समजत नाही. शिंक येते तसं ते येतं. माझ्या बाबतीत ते जरा जास्तच सहज यायचं. एकदा कॅम्पात सुभेदार साहेब समोर उभे राहिले.

"वानखडे, क्या हाल?"

"सब ठीक है, साब."

साहेब माझ्या खांद्यावरून मागे बघत राहिले. मागे लंगरचा तंबू पेटला होता, आतल्या खिचडीसकट. धुराचा वास मला आला होता. पण निघताना घरच्या गॅसचा नॉब बंद केला की नाही, या विचारात मी इतका गढलेला होतो की तो वास मला मदन महलहूनच येतोय असं वाटलं.

"वो क्या है?"

मी वळून पाहिलं. "आग है, साब."

"और?"

"बाकी सब ठीक है, साब."

त्यानंतर नवे रिक्रूटसुद्धा मला पाहिलं की नाक वर करून हवा हुंगायचे.

नायक याकोब साळवे या स्क्वॉडमध्ये माझ्यानंतर आला. जालन्याकडचा, ख्रिस्ती, उंच आणि सडपातळ. बाकी सगळ्यांशी हिंदी, माझ्याशी मराठी. माझी मराठी ऐकून पहिल्याच दिवशी म्हणाला, "उस्ताद, ही भाषा कोणत्या जिल्ह्यातली?"

"आमच्या घरातली," मी म्हणालो.

"घर मोठं दिसतंय. अर्धं नागपुरात, अर्धं भोपाळात."

साळवेची एक सवय होती. चार्ज घेऊन पुढे जाण्याआधी तो हेल्मेट काढायचा, छातीशी धरायचा, ओठ थोडे हलायचे. मग हेल्मेट परत डोक्यावर, आणि चालू लागायचा. त्याचे हात कापताना मी पाहिले नाहीत. माझा बंदोबस्त वेगळा होता. गळ्यात मारुतीचा ताईत, मनगटाला सुनंदाने बांधलेला धागा, डाव्या खिशात ग्वारीघाटावर भरलेली नर्मदेच्या पाण्याची बाटली, उजव्या खिशात लिंबू. एकाने नाही ऐकलं तर दुसरा आहे, असा माझा हिशेब.

या लिंबानेच एकदा घात केला. उतारावर वाकून काम करताना ते खिशातून निसटलं आणि टणटण उड्या मारत खाली गेलं. खालच्या जवानाला गवतात काहीतरी गोल येताना दिसलं. तो ओरडला, "ग्रेनेड." सगळा स्क्वॉड जमिनीवर आडवा. मी सर्वांत आधी. साळवे तेवढा उभा राहिला. त्याने लिंबू उचललं, वास घेतला, खिशात घातलं. दुपारी जेवताना ते चिरून सगळ्यांच्या डाळीत पिळलं आणि मला म्हणाला, "ब्लाइंड निकामी केला, उस्ताद."

मी चिडून विचारलं, "तू जे ओठ हलवतो ना, त्यात सांगते काय? तुझ्या देवाचं रेडिओवरचं कॉल साइन काय आहे?"

"कॉल साइन लागत नाही. तो सेट बंदच करत नाही."

"अन् तू काय बोलते?"

"रिपोर्ट देतो," एवढंच म्हणून त्याने डाळ ओरपली.

त्या दिवशी आम्ही सकाळी रेंजवर पोचलो. थंडीचे दिवस, गवतावर दव इतकं की बूट आतपर्यंत ओले. टॉवरवर लाल झेंडा चढला, वाटांवर संत्री, म्हणजे पहारेकरी, उभे राहिले. आसपासच्या गावांतली माणसं रेंजवर गोळ्यांचे तुकडे वेचायला येतात. लोखंड, तांबं, जे मिळेल ते. हाकललं की जातात, पाठ फिरली की येतात. म्हणून संत्री. पण नाल्यातून येणारा माणूस वाटेवरच्या संत्र्याला दिसत नाही.

तेंदूच्या एका झुडपाखाली मॉर्टरचा गोळा अर्धा जमिनीत रुतलेला सापडला. पाळी माझी होती. मी शेजारची माती उकरली, चार्ज बसवला, वात पेटवली आणि चालत खंदकात आलो. पुढच्या खंदकात मी आणि साळवे दोघेच. बाकीचे मागे. सुभेदार साहेब लांब टॉवरवर, तिथून ही बाजू दिसत नाही, फक्त रेडिओवर.

वातीची वेळ संपली. काही झालं नाही.

आणखी थोडं थांबलो. टिटवी ओरडली, तेवढंच.

मी रेडिओ उचलला. "मिसफायर, साब. ओवर."

"रॉजर. आधा घंटा रुको. फिर वानखडे जाएगा. ओवर."

"ठीक है, साब. आउट."

एवढं बोलून माझं सगळं अवसान संपलं. मिसफायर मी पूर्वीही पाहिले होते, पण दुसऱ्यांचे. आता त्या झुडपापर्यंत मला जायचं होतं. मी नर्मदेच्या पाण्याची बाटली काढली, झाकण उघडेना. दातांनी ओढलं तेव्हा सगळं पाणी पँटवर सांडलं.

साळवेने पँटकडे पाहिलं. "पाणीच आहे ना, उस्ताद?"

"गप बस."

"मी कोणाला सांगणार नाही. तसंही कोणी मानणार नाही की ते नर्मदेचं होतं."

मी हसलो नाही. माझे दात वाजत होते. त्याने ते पाहिलं आणि त्याचा आवाज बदलला.

"उस्ताद, रिपोर्ट द्या."

"कोणाला?"

त्याने हनुवटीने वर दाखवलं.

"सब ठीक," मी म्हणालो.

"असला नाही. सब ठीक सुभेदार साहेबांसाठी ठेवा. तिथं खरा द्यायचा. त्याला दिसतं सगळं, तरी त्याला आपल्या तोंडून ऐकायचं असतं." त्याने हेल्मेट काढून खंदकाच्या काठाला ठेवलं. मीही माझ्या हेल्मेटच्या पट्ट्याला हात घातला. तो म्हणाला, "तुम्ही असू द्या डोक्यावर. तुमची त्याची अजून ओळख नाही."

मग तो बोलू लागला, शेजारी बसलेल्या माणसाशी बोलावं तसं.

"प्रभू, मी याकोब. सोबत हवालदार वानखडे आहेत. ते घाबरलेत. उस्ताद, कशाला घाबरलात ते सांगा. एकेक सांगा."

मला पहिलं काय आठवावं? मी म्हणालो, "गॅसचा नॉब."

तो हसेल असं वाटलं. तो म्हणाला, "प्रभू, वानखडेंच्या घरचा गॅसचा नॉब. अजून?"

"पोरीचं गणित."

"प्रभू, त्यांच्या मुलीचं गणित. अजून?"

"सुनंदाचे गुडघे. डॉक्टर ऑपरेशन म्हणून राहिला."

"सुनंदावहिनींचे गुडघे. अजून?"

तो वाट पाहत होता. घाई नव्हती त्याला.

"हात," मी म्हणालो.

"हातांचं काय?"

"हात गेले तर."

"प्रभू, यांचे हात. अजून?"

"मी मेलो तर."

"प्रभू, यांचा जीव." तेवढ्याच आवाजात. नॉबसाठी जो आवाज होता त्याच आवाजात. "अजून काही?"

मी शोधलं. खरंच शोधलं. आत काही उरलं नव्हतं. इतकी वर्षं मला वाटत होतं माझ्या काळज्यांना शेवट नाही. मोजायला बसलो तर एका खंदकात मावल्या.

"आता माग," मी म्हणालो. "म्हण की तो गोळा फुटू नये."

"ते मी मागत नाही, उस्ताद. तो फुटायलाच बनवलाय. मी म्हणतो, रिपोर्ट दिला, आता हे तुझ्याकडे. तुम्ही सुभेदार साहेबांना रिपोर्ट देता, मग ते ओझं कोणाचं? साहेबांचं. देवाला मात्र तुम्ही रिपोर्ट देता आणि तेच ओझं परत खांद्यावर घेऊन घरी जाता. म्हणून झोप लागत नाही तुम्हाला."

"अन् त्यानं काहीच केलं नाही तर?"

"तरी त्याच्याकडेच. माझा बाप गेला तेव्हा त्यानं काही केलं नव्हतं. माझं भांडण झालं त्याच्याशी. पण भांडायला तरी तो होता. तुमच्यासारखं लिंबाशी भांडत नव्हतो मी."

मी म्हणालो, "हे तुझ्याकडे." मोठ्याने. कोणाला म्हणालो ते तेव्हा नीट ठाऊक नव्हतं. पण म्हणालो ते मनापासून.

पुढचं सांगताना मी मीठमसाला लावणार नाही. प्रकाश दिसला नाही, अंगावर काटा आला नाही. दात वाजायचे थांबले. मी हात समोर धरला, तो कापत नव्हता. गुडघ्यावरची पँट ओली आणि गार आहे हे जाणवलं, कारण आता ते जाणवायला जागा होती. अर्धा तास झाला की मी उठेन, चालत जाईन, आणि जे असेल ते बघेन. एवढं साधं होतं ते. मला हसू आलं. साळवेलाही आलं.

तेवढ्यात त्याने मान वर केली आणि त्याचं हसू थांबलं.

नाल्यातून एक बाई वर येत होती. खांद्यावर रिकामं पोतं, इथल्या भाषेत बोरी. सगळं शांत आहे म्हणजे फौजी गेले असतील, असं तिला वाटलं असावं. तिने ताजी उकरलेली माती पाहिली. जिथे ताजी माती तिथे लोखंड, हे रेंजच्या आसपास पोरंसोरंही जाणतात. ती सरळ माझ्या झुडपाकडे निघाली.

मी रेडिओ उचलला. "सिविलियन, साब. नाले से. चार्ज की तरफ जा रही है. ओवर."

"रोको उसको. ओवर."

आम्ही दोघे ओरडलो. साळवेने शिट्टी वाजवली. तिने वळून पाहिलं, दोन वर्दीवाले हात हलवून ओरडताहेत हे तिला दिसलं, आणि ती पळू लागली. आमच्यापासून लांब नव्हे. झुडपाकडे. वर्दीवाला ओरडला म्हणजे आता हाकलणार, हाकलण्याआधी हाताला लागेल ते उचलायचं, हेच तिला आजवर ठाऊक होतं.

साळवे उठला. मी त्याचा बेल्ट धरला.

"वेळ झाली नाही, साळवे."

"तिच्याकडे घड्याळ नाही, उस्ताद."

"चार्ज माझा आहे. मी जातो."

"तुमचा रिपोर्ट झालाय. बसा." त्याने माझी बोटं बेल्टवरून सोडवली. जोर लावून नाही. लहान मुलाची सोडवतात तशी.

तो पळाला. पळायचं नसतं, पळणारा पडतो. साळवे पडला नाही. ती झुडपाशी वाकणार तेवढ्यात त्याने खांद्याने तिला धडक दिली, कबड्डीत देतात तशी. ती नाल्यात कोसळली. बोरी त्याच्या हातात राहिली.

मग ते फुटलं.

माती खाली बसायला वेळ लागतो. बारीक खडे हेल्मेटवर टपटपत राहिले. माझ्या हातात रेडिओ होता.

"धमाका सुना. वानखडे, रिपोर्ट. ओवर."

मी बटण दाबलं. "सब ठीक है, साब. ओवर."

"शाबाश. साळवे को बोल, सामान समेटे. ओवर."

मी बटणावर अंगठा ठेवून उभा होतो. समोर झुडूप नव्हतं. साळवेचं हेल्मेट खंदकाच्या काठाला, माझ्या कोपराशी होतं.

लंगर जळत असताना मी जे बोललो त्यावर लोक वर्षभर हसले. या वेळी कोणी हसलं नाही, आणि कोणी रागावलंही नाही. सुभेदार साहेबांनी नंतर तेवढंच म्हटलं, "आदत है, वानखडे." ती सवय मी त्या दिवसानंतर सोडली. तोंडाने सोडली. झोपेत अजून निघते, असं सुनंदा म्हणते.

मी पोचलो तेव्हा साळवेशी बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, हेल्मेट असतं तरी फरक पडला नसता. मी त्यांना पुन्हा विचारलं. ते पुन्हा तेच म्हणाले. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा त्यांनी मला पाणी दिलं.

बाईला जवानांनी नाल्याच्या दुसऱ्या बाजूने बाहेर काढलं. कोपर खरचटलं होतं आणि एका कानाने ऐकू येत नव्हतं. तिला जीपमध्ये बसवलं तेव्हा ती एकच विचारत होती, "मेरी बोरी?"

कोर्ट ऑफ इन्क्वायरी झाली. दवाने वात ओली झाली, आतल्या आत धुमसत राहिली, म्हणून उशिरा फुटलं, असं निघालं. दोष कोणाचा नाही. ते वाचताना माझ्या ध्यानात आलं की अर्धा तास संपायला अवकाश असतानाच तो गोळा फुटला होता. म्हणजे बाई आली नसती तर तो आपोआप उडाला असता आणि आम्ही चहा प्यायला गेलो असतो. ज्या चालण्याच्या भीतीने मी पँट भिजवली, ते चालणं माझ्या वाट्याला येणारच नव्हतं.

साळवेला गावी नेणाऱ्या तुकडीत माझं नाव मीच घातलं. जालन्याच्या पुढे आतल्या बाजूला त्याचं गाव. वाटेत मी उत्तरं पाठ करत होतो. त्याची बायको विचारेल, शेवटी काय म्हणाला. मी सांगेन, प्रार्थना करत होता. ते खरंही होतं आणि ऐकायला बरंही होतं.

तिचं नाव मार्था. तिने ते विचारलंच नाही. पेटी ओसरीवर ठेवली, तिने तिरंग्याची एक सुरकुती सरळ केली आणि माझ्याकडे पाहिलं.

"चार्ज कोणी लावला होता?"

"मी, वहिनी."

"मग जायचं कोणी होतं?"

"मी."

"बरं," ती म्हणाली. तिच्या सासूने हुंदका दिला. मार्थाने दिला नाही. "तुम्ही चहा घेता का? सगळ्यांसाठी ठेवलाय."

मी तो चहा प्यालो. त्याइतकं कडू मी काही प्यालो नाही, आणि साखर त्यात भरपूर होती.

ख्रिस्ती देवळामागच्या जागेत कबर खणली होती. गार्डने सलामी दिली, बिगुल वाजला. पाळकसाहेबांनी सुंदर प्रार्थना केली. याकोब प्रभूमध्ये निजला आहे, त्याला विसावा मिळाला आहे, असं ते म्हणाले. ते आमेन म्हणणार तेवढ्यात मार्था बोलू लागली. डोळे उघडे, हात खाली, आवाज रोजचा.

"प्रभू, मी मार्था. मी चिडलेय. याकोब नाही. पोरगं चौथीत आहे. सासूबाईंना रात्री दिसत नाही. मागच्या खोलीचा पत्रा उडालाय, तो लावतो म्हणाला होता. पुढच्या महिन्यात येणार होता. एका बोरीसाठी नेलंस तू त्याला. मला हे पटलेलं नाही, आणि पटलंय असं मी म्हणणार नाही."

पाळकसाहेबांनी मान खाली घातली. मी पुढचं वाक्य तिच्याआधी ओळखलं.

"झालं," ती म्हणाली. "आता हे तुझ्याकडे."

निघताना मी तिला म्हणालो, "वहिनी, त्यानं मला अशीच प्रार्थना शिकवली. तो याला रिपोर्ट म्हणे."

"त्यानं?" ती म्हणाली. त्या दिवसात पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर काही हललं. "लग्न झालं तेव्हा याला जेवणाआधीची प्रार्थना धड येत नव्हती. मी चुलीपुढं बसून देवाला गाऱ्हाणी सांगायचे, हा दारात उभा राहून हसायचा. फौजेत जाऊन रिपोर्ट म्हणायला लागला होय?"

"तुम्हाला त्याच्यानं शांत वाटते?"

"रोज वाटत नाही." तिने पेटीवरचा घडी केलेला तिरंगा छातीशी धरला होता. "पण दुसऱ्या कोणाशी एवढं खरं बोलता येत नाही. आज इथं किती माणसं आली, सगळ्यांशी मी नीटच बोलले ना?"

मी मान हलवली. चहासुद्धा दिला होता तिने.

जबलपूरला परतलो आणि काही दिवसांनी रेंजच्या नाक्यावर ती बाई दिसली. कानाला फडकं, खांद्यावर नवी बोरी. माझ्याजवळ येऊन एक कान पुढे करून उभी राहिली.

"भैया, वो लंबे वाले भैया नहीं दिखते. छुट्टी पे गए क्या?"

तिला कोणी सांगितलंच नव्हतं. सांगण्याचं काम कोणाचंच नव्हतं. माझ्या तोंडात उत्तर तयार होतं, शिंकेसारखं. हो, सुट्टीवर गेलेत, सगळं ठीक आहे. मी ते गिळलं.

"मर गए," मी म्हणालो. तिला ऐकू आलं नाही. मला मोठ्याने म्हणावं लागलं. "मर गए. तुमको धक्का देके."

तिने बोरी खाली ठेवली. तिच्यावर बसली. मी तिचं नाव विचारलं. सुखिया. मग तिने डोक्यावरचा पदर सारखा केला, बोरी उचलली आणि नाल्याच्या बाजूला निघून गेली. संध्याकाळी चूल पेटायला हवी होती. मी संत्र्याला शिट्टी वाजवायला सांगितली आणि तिला त्या बाजूने हाकललं. दुसऱ्या दिवशी ती परत आली होती.

आता मी रिटायर झालो. विजय नगरच्या एका इमारतीत सिक्युरिटीला असतो. तिथले लोक रोज विचारतात, "वानखडेजी, सब ठीक?" मी म्हणतो, "लिफ्ट बंद है, पंप से आवाज़ आ रही है." त्यांना ते आवडत नाही.

झोप लागते. सुनंदाला सुरुवातीला त्याचीच धास्ती वाटली. "काहून असे मुकाट पडून राहिले? बीपी पाहून घ्या ना." मुलगी हिंदीत म्हणाली, "मम्मी, पापा ठीक हैं, सो रहे हैं." गॅसचा नॉब मी अजूनही बघतो, पण एकदाच. आम्ही ग्वारीघाटावर जातो, सुनंदा दिवा सोडते, मी शेजारी बसतो. आणि रविवारी कँटोन्मेंटमधल्या चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसतो. कोणी मला विचारत नाही मी कोण, मीही कोणाला सांगत नाही. भजनं हिंदीत असतात, मला पाठ नाहीत. शांत बसायची वेळ येते तेव्हा मी टोपी काढून छातीशी धरतो.

प्रभू, मी वानखडे. सुनंदाचे गुडघे. पोरीची नोकरी. मार्थावहिनींचा पत्रा बसला असं फोनवर म्हणाल्या, खरं आहे का ते तू बघ. त्यांचा मुलगा. सुखियाचा कान.

नायक याकोब साळवे.

या नावाशी मी थोडा थांबतो. रोल कॉलमध्ये नाव घेतलं की उत्तराची वाट पाहायची असते. बाकावरचे लोक उठून पुढच्या भजनाला उभे राहतात, मी बसलेलाच असतो.

मग रिपोर्ट पूर्ण करतो. एक कम, साब. आता हे तुझ्याकडे.